मागच्या खोलीची हवा

पार्बता,

तुझी तेरवी होऊन चार दिवस झाले. पाहुणे गेले, आपली पोरगी सुनंदा अजून इथीच आहे. काल शेजारचे गुरुजी येऊन सांगून गेले की समाजभवनाच्या वार्षिक पुस्तिकेत गेलेल्या माणसाबद्दल घरच्यानं दोन पानं लिहायची रीत आहे, तर तुम्ही लिहा. जन्मतारीख, जन्मगाव, स्वभाव, समाजाले काय दिलं, असं सगळं यावं म्हणाले. तुझी जन्मतारीख तुलेच माहीत नव्हती तर मले कुठून असणार? तुझी माय सांगे, ज्या साली मोहाची फुलं अंगणात मावली नाई त्या सालची. स्वभाव लिहायले बसलो तर पुस्तिकेत दुसऱ्या कोणाले जागा राहणार नाई. पण समाजाले काय दिलं ते मले लिहायचं आहे. ते मी सोडून दुसरा पुरुष लिहू शकत नाई, कारण ते लपवलं मीच.

मी पाचवी पास. मले खिळ्यानं पत्र्यावर रेघ ओढता येते, कागदावर ओढायची सवय नाई. गुरुजीले सांगून ठेवलं, अक्षरं सुधारा, पण शब्दाले हात लावू नका. पहिले मी 'ती अशी होती, ती तशी होती' असं लिहून पायलं. ते वाचलं तर ती कोणी दुसरीच बाई वाटली. म्हणून तुलेच लिहून राह्यलो. तुले नावानं हाक मारायचीही पहिलीच वेळ आहे. 'अवं' म्हटलं की तू ओ देत होती, नाव लागलंच नाई.

लग्न झालं तवा मी पत्र्याच्या कोठ्या, पेट्या, बादल्या करत होतो. तू धानोऱ्याकडची, जंगलातली. आमच्या चांद्याच्या गल्लीत पहिल्या दिवशी पत्र्यावर हातोडी पडली अन् तू कानावर हात ठेवले. सहा महिन्यांत तू पत्र्याचं दुसरं टोक धरून उभी राहायले लागली, कानात कापसाचे बोळे घालून. पत्रा कापताना दुसरं टोक हललं की रेघ बिघडते. तुझ्या हातात ते कधी हललं नाई. हे मी तुले एकदाही म्हटलं नाई. उरलेल्या तुकड्यांवर तू मोहफुलं वाळवत होती अन् मी ओरडत होतो की पत्र्याले डाग पडतात.

मंग गडचांदूरकडं सिमेंटच्या कारखान्यांचं काम निघालं अन् मी ठेकेदाराकडं गेलो. तिथी दक्षिणेकडचा एक म्हातारा मिस्त्री होता. धूळ ओढायचे मोठमोठे पत्र्याचे नळ तो करे, त्याच्या हाताखाली मी दोन वर्षं काढली. तो म्हणे, हवेचं काम पाण्याच्या कामापेक्षा अवघड आहे. पाणी कुठी अडलं ते दिसते, हवा दिसत नाई. त्यानं तीन गोष्टी शिकवल्या. सांधा घट्ट ठेव. वळण गोल ठेव. नळ उगाच बारीक करू नको. हवेले ढकलणारा जो जोर आहे तो वाटेतच खर्च होते. वाट जेवढी लांब, जेवढी वाकडी, जेवढी अरुंद, तेवढा तो वाटेतच संपते अन् टोकाले काही पोचत नाई. मी हे तीन नियम गायत्री मंत्रासारखे पाठ केले. चौथा नियम त्यानं सांगतला नाई. आता समजते काऊन. त्याच्या नळाच्या शेवटी कायम उंच चिमणी असे, वर सारं आभाळ उघडं. चौथ्या नियमाची त्याले कधी गरजच पडली नाई.

मी चांद्याले परत आलो अन् कूलरच्या धंद्यात पडलो. नव्वद सालाच्या नंतरची गोष्ट, सुनंदा सातवी-आठवीत होती. समाजभवन नवीनच झालं होतं अन् कमिटीनं मले बोलावलं. गच्चीवर मोठा कूलर, तीन बाजूले वाळ्याच्या ताट्या, आत ब्लोअर, अन् तिथून पत्र्याचा चौकोनी बोगदा खाली आणायचा. त्याले डक्ट म्हणतात. हॉलात चार जाळ्या, अन् शेवटी वळण घेऊन मागच्या खोलीत एक. मागची खोली बायांची. नवरी तिथी तयार होते, बाया लुगडी बदलतात, लेकरं पाजतात. तिले गल्लीकडं दोन खिडक्या होत्या अन् गल्लीतले पोट्टे डोकावत होते. कमिटी म्हणाली, खिडक्या बंद करून टाका, थंडावाही बाहेर जाणार नाई. मीच पत्रे ठोकले अन् कडेच्या फटी पुट्टीनं बुजवल्या. मुंगी शिरणार नाई असं काम केलं.

पहिल्याच उन्हाळ्यात लग्नं लागली अन् अध्यक्षभाऊंनी मले बोलावून घेतलं. म्हणाले, "हॉलाचा त चिखलदरा करून टाकला भाऊ तुमी. पण मांगच्या खोलीत बाया उकडून राह्यल्या. जाळीतून हवाच येत नाई म्हनतात."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन जाळीले कागदाची पट्टी लावली. पट्टी फडफड फडफड करे. अध्यक्षभाऊंनाही दाखवली.

"हे पाहा. येऊन नाई राह्यली का?"

"येऊन त राह्यली बावा."

"मंग?"

"बायाइचं काही समजत नाई," ते म्हणाले अन् आम्ही दोघंही हसलो.

असं चार वेळा झालं. लग्न झालं की तक्रार येई, मी जाई, पट्टी फडफडे. आता हे लिहितानाही मले कान धरावंसं वाटते. मी जाई तवा खोली रिकामी असे अन् दार उघडं. आत बाया असल्या म्हणजे दार लागलेलं असे, कडी घातलेली. मी कडी लावून पाच मिनिटं एकटा आत बसलो असतो तर सारं समजलं असतं. पण बायांच्या खोलीत कडी लावून बसलेला पुरुष कोणी पायला असता तर समाजात काय तोंड दाखवलं असतं? ते सुचलंही नाई. पुरुष त्या खोलीत जाईल ते दार उघडं ठेवूनच, अन् दार उघडं असलं की हवा येणारच.

मंग तुझ्या मामेबहिणीच्या पोरीचं लग्न तिथीच झालं. तू दिवसभर आत होती. मी जेवत होतो तवा घरी आली, पदरानं मान पुसली अन् चपला काढायच्या आत बोलली.

"तुमची हवा मेलेली हाय."

"मी परवाच पाहून आलो. फडफडते."

"परवा दार उघडं होतं का लागलं होतं?"

"दाराचा काय संबंध? हवा डक्टातून येते, दारातून येते का?"

"मी विचारलं तेवढं सांगा."

"उघडं होतं. मी काय कडी लावून बसू तिथी?"

"आमी कडी लावूनच बसतो नं! वीस-पंचवीस बाया, नवरीच्या कपाळावरचं कुंकू नाकावर आलं. आपल्या गल्लीतल्या लक्ष्मीबाईनं दार उघडलं की तुमचा कागद उडे, लावलं की पडे. आमी चार-पाच वेळा करून पायलं. बाया हसून हसून बेजार."

"म्हणजे माझ्या कामावर हसत होत्या?"

"मंग कोनाच्या कामावर हसाव? तिथी दुसरं कोनाचं काम हाय?"

मी ताट बाजूले सारलं. पंधरा दिवस मी त्या डक्टाशी झुंजलो. शेवटचं वळण काढून जास्त गोल केलं. मागच्या खोलीकडचा नळ रुंद केला. ब्लोअरचा पट्टा ओढला, पुली बदलली. हॉलाच्या चारही जाळ्या अर्ध्या झाकल्या, की जोर मागं जाईल. तर हॉल तापला अन् पत्रा ढोलासारखा दणदणायले लागला. नवरदेवाचा बाप मले म्हणाला, मिस्त्री, बँड आमी सांगतला हाय. म्हाताऱ्या मिस्त्रीचे तिन्ही नियम मी पुन्हा पुन्हा पाळून पायले. मागच्या खोलीत काही फरक नाई. कमिटीत बोलणं सुरू झालं की नागपूरचा माणूस आणावा. चांद्याच्या बाजारात मले लोक विचारत, काऊन भाऊ, बायाइले उकडूनच मारता का? माझं तेवढंच नाव होतं, पार्बता, पत्र्याच्या कामाचं. दुसरं मिरवायले काही नव्हतं.

अन् तू एक दिवस सकाळी चुलीपुढं बसली होती. मी चहाची वाट पाहून राह्यलो होतो. तू खोकल्याच्या औषधाची रिकामी शिशी माझ्या पुढं धरली.

"फुंका यात."

"काऊन?"

"फुंका नं. मोठे हवेवाले हा नं तुमी."

मी फुंकलं. हवा उलटून माझ्याच तोंडावर आली.

"आता यात," तू म्हणाली अन् फुंकणी दिली. मी फुंकलं तर चुलीतली राख उडून तुझ्या केसात गेली. तू ती झटकलीही नाई.

"यातून गेली, त्यात काऊन नाई गेली?"

"शिशीले बूड हाय," मी म्हटलं.

"तुमच्या खोलीले बी बूड हाय. तुमीच ठोकलं."

तू चहा गाळत गाळत बोलत होती, माझ्याकडं न पाहता. "माह्या मायच्या घराले खिडकी हाय का? नाई. दिवसभर चूल पेटते, धूर कुठून जाते? कूड अन् छपराच्या मदात चार बोटं जागा सोडली हाय, तिथून. तिथून कोनी डोकावते का? डोकावाले भूतच व्हा लागंल. आतली हवा जाईल तवाच बाहेरची येईल. भरल्या मडक्यात कितीक वताल?"

मी काय म्हटलं ते तुले आठवत असेल. मी म्हटलं, "जंगलातल्या झोपड्याचं मले शिकवू नको. हे इंजिनिअरीचं काम हाय." अन् चहा तसाच ठेवून निघून गेलो. जसा मीच इंजिनिअर होतो.

दोन दिवस मी त्या खोलीपुढून येरझाऱ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी शिडी लावली अन् गल्लीकडच्या भिंतीत, वर अगदी स्लॅबच्या खाली, लांब आडवी फट फोडली. चार बोटं नाई, सहा केली, कारण तुझं तंतोतंत ऐकलं असं होऊ नये. तिले तिरप्या पत्र्याची झिलमिल बसवली, पाऊस आत येणार नाई अन् कोणाले दिसणार नाई अशी. मंग तुले बोलावून आणलं. काऊन बोलावलं ते सांगतलं नाई. नुसतं म्हटलं, आत जा अन् कडी लाव. तू समजली. आत गेली, कडी लावली. मी बाहेर दाराले तोंड लावून उभा.

"उडते का?"

"उडते."

"नीट पाहून सांग."

"उडते म्हनलं नं!"

मले राहवलं नाई. मी दारावर धक्के मारले, तुले कडी काढायले लावली अन् आत घुसलो. तू कमरेवर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "आता दार उघडं हाय. आता उडन्याचा काय भरोसा? जा, पुन्हा चार महिने फिरा." मंग इतकी हसली की खाली बसली. मीही हसलो असेन. आठवत नाई. पट्टी उडत होती एवढं आठवते.

पुढच्या लग्नात मागच्या खोलीतून तक्रार आली नाई. अध्यक्षभाऊ सगळ्यांपुढं माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मानलं बावा! खिडकी न उघडता हवा खेळवली. कुठून सुचलं हे?"

पंधरा-वीस माणसं उभी होती. तू माझा डबा घेऊन आली होती अन् खांबाजवळ थांबली होती. मले दिसत होती. मी म्हटलं, "अनुभव आहे साहेब. इतकी वर्षं काम केलं, अनुभव आहे."

तू डबा खांबाजवळ ठेवला अन् निघून गेली.

घरी मी वाट पाहून राह्यलो की आता भांडशील. तू भांडली नाई. ताट वाढलं अन् आतून आवाज दिला, "अनुभवराव, जेवाले या."

तवापासून ते नाव मले लागलं. पाट सरकवायचा असो, बाजार करायचा असो, अनुभवराव. पायाले काटा रुतला तरी, "अनुभवरावाइले काटा लागला का?" सुनंदाच्या सासरच्यांपुढंही एकदा तुझ्या तोंडून निघालं. व्याही म्हणाले, वा, किती आदरानं बोलतात. तू पदर तोंडाशी नेला. मी खाली पाहून जेवत राह्यलो.

पुढच्या आठवड्यात मी आपल्या सयपाकखोलीची भिंत वरून फोडली. लग्न झाल्यापासून तू मागत होती अन् मी म्हणत होतो, कोळशाच्या खाणीची धूळ येईल. काही न बोलता फोडली अन् झिलमिल बसवली. मले वाटलं, तेवढ्यात भागेल. तू धूर वर जाताना पाहत बसली अन् म्हणाली, "उशिरा का होईना, अनुभव आला." त्या दिवशी तू आवाजात गोडी ठेवली होती. मी ती ओळखली अन् त्यावर इतकी वर्षं काढली. पण चारचौघात मारलेली फुशारकी सयपाकखोलीत फेडता येत नाई, हेही मले माहीत होतं.

त्या भवनाच्या कामानं माझं नाव झालं. गडचिरोलीच्या हापिसांत, गडचांदूरच्या वसाहतीत, पार आलापल्लीपर्यंत डक्ट टाकले. गिऱ्हाईक खिडक्या लावून घ्यायचं अन् कुरकुर करायचं की थंड होत नाई. मी दाढी खाजवत म्हणायचो, "साहेब, आतली हवा जाईल तवाच बाहेरची येईल." साहेब लोक वहीत लिहून घेत. एक म्हणाला, मिस्त्री, तुमी त मोठं तत्त्वज्ञान सांगतलं. मी म्हटलं, अनुभव आहे. लाज एकदा गेली की पुन्हा येत नाई, पार्बता. तुझंच वाक्य, तू चुलीपुढं म्हटलेलं. एक शब्द बदलला नाई मी. चोरीही नीट केली.

तुझ्याशी एक भांडण राहूनच गेलं. तू म्हणे, हवा ढकलता तशी ओढता पण येते, मंग मांगच्या खोलीत उलटा पंखा लावून गरम हवाच बाहेर फेकली असती तर एवढा डक्ट लागलाच नसता. मी म्हणे, त्यानं काम होणार नाई. तू म्हणे, करून पाहा. मी करून पायलं नाई. होईल अशी भीती होती.

यंदा तू तेंदूपानाच्या दिवसात भावाकडं गेली. मी म्हटलं, या वयात पानं तोडायची काय गरज? तू म्हणाली, पानं तोडाले नाई, बसाले जातो, तिकडं झाडाखाली हवा हाय, तुमचं डक्ट लागत नाई. तिथी ताप आला अन् तो डोक्यात चढला. तुझ्या भावानं गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. मी एसटीनं पोचलो तवा तू डोळे उघडत होती, मिटत होती. दुपारची वेळ होती. मी स्टुलावर बसलो. मनात पक्कं केलं होतं की आज सांगून टाकू. काय सांगायचं होतं तेही ठरलं होतं: ते काम तुझं होतं, मी चारचौघात खोटं बोललो, माझं चुकलं. तीन गोष्टी. तोंडाशी आल्या होत्या.

तू डोळे उघडले अन् विचारलं, "जेवले का?"

मी म्हटलं, "जेवलो."

सकाळपासून पाणीही प्यायलो नव्हतो. तू मान हलवली अन् डोळे मिटले. म्हटलं, झोपू दे, उठली की सांगू. तू उठली नाई. तुझ्याशी बोललेला माझा शेवटचा शब्दही खोटाच निघाला.

तेरवी भवनातच ठेवली. घरी इतकी माणसं मावली नसती. ऐन नवतपा, उन्हाळ्याचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, बाहेर डांबर पाघळत होतं. भवन आता ओळखू येत नाई, नवीन कमिटीनं रंग दिला, पीओपी केलं. अध्यक्षभाऊ म्हातारे झाले, काठी घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. पुरुषांची पंगत हॉलात, बाया मागच्या खोलीत, कडी लावून. आता दारापाशी टेबलं मांडतात अन् वाढपी येजा करतात, म्हणून दार लावावंच लागते.

कढी वाढणं सुरू होतं अन् सुनंदा बाहेर आली. चेहरा लालबुंद, पोलकं पाठीले चिकटलेलं. मले बाजूले घेऊन म्हणाली, "बाबा, आत हवाच नाई. लक्ष्मीबाईले भोवळ आली. जाळीतून काहीच येऊन नाई राह्यलं."

भवनाच्या पहिल्या उन्हाळ्यातला मी असतो तर म्हटलं असतं, सकाळीच पाहून आलो. अन् खरंच सकाळी पाहून आलो होतो. दार उघडं होतं, हवा येत होती.

मी गल्लीतून मागं गेलो अन् वर पायलं. झिलमिल नव्हतीच. तिच्या जागी प्लायवूडची फळी, वरून भिंतीचाच रंग. मी शिडी आणली. नवा सेक्रेटरी धावत आला. शिकलेला माणूस आहे, बोलायले चांगला.

"काका, काय करून राह्यले? आज कार्य हाय तुमच्या घरचं!"

"ही फळी कोणी मारली?"

"आमीच मारली मागल्या साली. चिमण्या घरटे करत होत्या, अन् थंडावा सारा वरून निघून जाये नं काका."

"जाईल तवाच येईल," मी म्हटलं, अन् शिडी चढलो.

फळीले आठ खिळे होते. हातोडीच्या मागच्या बाजूनं काढले. शेवटचा निघाला तशी आतली गरम हवा भसकन माझ्या तोंडावर आली, बायांच्या घामाचा, मोगऱ्याचा अन् वड्यांचा वास घेऊन. खाली माणसं जमली होती. पंगतीतली काही ताटावरून उठून आली होती. अध्यक्षभाऊ काठी टेकत आले अन् सेक्रेटरीले म्हणाले, "त्याइले काही शिकवू नका रे. हे त्याइच्याच डोक्यातून निघालं होतं. अनुभवी माणूस हाय."

मी शिडीवरच होतो. खाली उतरलो असतो तर बोललो नसतो.

मी म्हटलं, "भाऊ, ते माझ्या डोक्यातून निघालं नव्हतं. जिची आज तेरवी हाय तिनं सांगतलं होतं. चुलीपुढं बसून, शिशी अन् फुंकणी घेऊन. मी चार महिने हारलो होतो. तुमी सगळ्यांपुढं विचारलं तवा मी अनुभव म्हटलो. ती खांबाजवळ उभी होती. मी खोटं बोललो."

अध्यक्षभाऊंनी विचारलं, "मंग तवा काऊन नाई सांगतलं?"

"लाज वाटली. बायकोनं शिकवलं म्हणायची."

"हं," ते म्हणाले. मंग मागं वळून, "कढी थंडी होऊन राह्यली, बसा सारे." अन् माणसं जाऊन बसली. इतकंच झालं. इतकी वर्षं ज्याचा डोंगर उचलून फिरलो, तो कढीपुढं टिकला नाई.

पण फटीतून आतलं ऐकू येत होतं. माझा आवाज आत गेला असणार. लक्ष्मीबाईचा आवाज आला, भोवळ आली तरी आवाज खणखणीत: "आता सांगून राह्यले का अनुभवराव! आमाले त तवापासून माईत हाय." अन् साऱ्या बाया हसल्या. तेरवीच्या दिवशी, तुझ्या तेरवीच्या दिवशी, पार्बता. मंग कोणीतरी रडायले लागलं.

म्हणजे ते नाव साऱ्या गल्लीत चालत होतं. त्या खोलीत कडी लावली की मी अनुभवराव होतो. माझ्या पाठीवर पुरुषांचा हात पडत होता अन् दाराच्या मागं साऱ्या बायांले माहीत होतं की अक्कल कोणाची. तू त्यांच्यात सांगतलं, बाहेर एक शब्द काढला नाई. माझं नाव बाजारात राहू दिलं. याचा राग यावा का उपकार मानावे ते मले अजून समजलं नाई. दोन्ही होऊन राह्यलं.

मी शिडीवरून उतरलो, हात धुतले अन् आत येऊन मागच्या खोलीच्या दारापाशी थांबलो. पंगतीच्या पत्रावळीच्या कागदाची एक पट्टी फाडली. सुनंदाले बोलावलं, तिच्या हातात दिली. म्हटलं, ही जाळीले लाव अन् दार लावून घे. तिनं दार लावलं. आतून कडी पडल्याचा आवाज आला.

"उडते का गं?" मी विचारलं.

"उडते बाबा."

मी दार ढकललं नाई. जाऊन पंगतीत बसलो अन् जेवलो.